तेरा नंबर

आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी जाहीर होणाऱ्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फुटबॉल संघावर शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. पंधरा नावं रेडिओवर वाचली जातात, शुक्रवारी पेपरात येतात, रविवारी सामन्याच्या पुस्तिकेत पुन्हा छापतात, आणि दुपारी मैदानात पळत येतात त्यातले दोन-तीन तरी भलतेच असतात. समोरच्या काउंटीला अंदाज येऊ नये म्हणून ही लबाडी. अशा खोट्या नावाला आम्ही ‘डमी’ म्हणतो. समोरचेही तेच करतात. माझे डॅडी, मॅलकी बर्न, हे ओळखण्यात उस्ताद होते. पेपर हातात आला की पेन्सिल घ्यायचे, फुल्या मारायचे, पुटपुटायचे, “हा खेळत नाही. याच्या जागी तो येणार.” एखादीच फुली चुकायची.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोक म्हणाले की इतक्या मुरलेल्या माणसाला कळलं कसं नाही. त्यांना माझं एकच उत्तर आहे. तुमच्या पोराचं नाव छापून येऊ दे, मग बोला.

डॅडींची फुप्फुसं गेली होती. जन्मभर कोंदट गोठ्यात बुरशी लागलेलं गवत झाडून गुरांना घातलं, त्याची ही बिदागी. नाकाला नळी, खुर्चीशेजारी ऑक्सिजनची टाकी, आणि खुर्चीपासून खिडकीपर्यंत जायचं तर मध्ये टेबलाला धरून थांबायचं. ऑक्टोबरात डॉक्टर नाताळाबद्दल बोलले, ईस्टरबद्दल बोलले, उन्हाळ्याबद्दल काही बोलले नाहीत. मम्मी आधीच गेली होती. घरात डॅडी, मी आणि माझा धाकटा भाऊ फिन्टन. मी शाळेची बस चालवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला बसमधून उतरवते.

फिन्टन लाकडाच्या वखारीत कामाला. त्या हिवाळ्यात त्याला पहिल्यांदाच काउंटीच्या चमूत घेतलं. मंगळवार-गुरुवार काम सुटलं की गारठ्यात गाडी हाकत सरावाला जायचं, चिखलात लोळायचं, परत यायचं. या खेळात पैसा एक मिळत नाही. मिळतो तो सुजलेला घोटा आणि रस्त्यात भेटेल त्याची फुकटची अक्कल. तरी त्याच्या निवडीची बातमी आली तेव्हा शेजारची फिलोमिना केक घेऊन आली आणि चर्चमध्ये फादरनी त्याचं नाव घेतलं.

डॅडी स्वतः तरुणपणी तीन हंगाम काउंटीच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर बसले होते. एकदाही आत गेले नाहीत. त्यांची आई दर सोमवारी जर्सी उलटीपालटी करून बघायची आणि म्हणायची, “हिला कशाला धुऊ, मॅलकी? तशीच कपाटात ठेवते.” हा किस्सा ते हसत सांगायचे, सगळ्या गावाला तो पाठ होता. पण फिन्टनचं नाव आलं त्या दिवशी ते हसले नाहीत. नळी सारखी करत म्हणाले, “याची जर्सी मळलेली बघायचीय मला. एकदाच. मग न्यायचं तिथं न्या.”

लीगचे सात सामने, जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत, आणि आम्ही चौथ्या गटात. पाचवा गट नाही, म्हणून चौथ्यात. पहिला सामना आमच्याच मैदानावर, आडव्या पावसात हरलो. दुसरा दक्षिणेला जाऊन हरलो. फिन्टनला चोवीस नंबरची जर्सी होती. प्रत्येक सामन्यात उत्तरार्धात त्याला अंग गरम करायला पाठवायचे, तो रेषेच्या कडेनं पळायचा, डॅडी मैदानाकडेला लावलेल्या गाडीत ताठ बसायचे, आणि मग टर्लो त्याला पुन्हा बाकावर बसवायचा.

टर्लो आमचा मॅनेजर. पेशानं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा. आवाज दांडगा, हिंमत बेताची. सामना हातचा गेला तरी नवीन पोरांना आत सोडायचा नाही, कारण अजून चार पॉइंटांनी हरलो तर सोमवारी बाजारात तोंड कसं दाखवायचं. “अनुभवी पोरं हवीत,” म्हणायचा. आमच्या अनुभवी पोरांना हरण्याचा दांडगा अनुभव होता, एवढं खरं.

मग लंडन. लीगमध्ये लंडनचाही संघ असतो, तिकडे कामाला गेलेल्या आपल्याच पोरांचा. विमानानं गेले आणि त्यांच्याकडूनही हरले. त्यांचा शेवटचा पॉइंट मारणारा पोरगा आमच्याच गावचा, लहानपणी माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून सफरचंदं फेकायचा. डॅडी तो सामना रेडिओवर ऐकत होते. समालोचकानं फिन्टनचं नाव एकदाही घेतलं नाही. रेडिओ बंद केल्यावर डॅडी म्हणाले, “चार उरले.”

मग तीन उरले, मग दोन. सहाव्या सामन्याला मध्यंतरात डॅडींना अशी ढास लागली की ओठ निळे पडले, आणि मी गाडी मैदानातून थेट इस्पितळात घातली. तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आता पुरे. शेवटचे दिवस काढायला हॉस्पिसमध्ये शुक्रवारी खाट मोकळी होतेय. तिथे त्यांना त्रास कमी होईल.” मी सांगितल्यावर डॅडींनी मान डोलावली. वाद घातला नाही. वाद घालत नाहीत म्हणून मला जास्त भीती वाटली.

पण त्या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी रेडिओवर शेवटच्या सामन्याचा संघ वाचला. घरच्या मैदानावर, शेजारच्या काउंटीशी. आम्ही दोघं चहा घेत होतो. “बारा,” रेडिओ म्हणाला, आणि कोणाचं तरी नाव घेतलं. “तेरा, फिन्टन बर्न.” डेक्लन टॅफ, जो गेली आठ वर्षं तेरा नंबर घालतोय, त्याची मांडी दुखावली होती म्हणे.

डॅडींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “डर्व्हला, माझा काळा कोट ब्रश कर.”

“डॅडी, उद्या हॉस्पिसमध्ये जायचंय.”

“सोमवारी जातो. मरणाची काय घाई आहे त्यांना?”

“खाट थांबणार नाही.”

“मग जमिनीवर झोपतो. कोट ब्रश कर.”

दुसऱ्या दिवशी पेपर आला. सवयीनं त्यांनी पेन्सिल घेतली, दोन फुल्या मारल्या, एक बचावफळीत, एक मधल्या फळीत. तेरा नंबरावर पेन्सिल आली आणि थांबली. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. त्यांनी पेन्सिल कानावर खोचली आणि पेपर घडी करून खिशात ठेवला. तिथे फुली मारायला हवी होती हे मलाही कळत होतं. डेक्लन टॅफची मांडी दर मोठ्या सामन्याआधी गुरुवारी दुखते आणि रविवारी बरी होते, हे आमच्या बसमधली पोरंही सांगतील. पण मीही गप्प बसले, कारण मलाही ते नाव तिथे हवं होतं.

शनिवारी फिन्टन मला अंगणात घेऊन गेला. कोळशाच्या बंकरशी उभा राहिला, वर बघेना.

“मी खेळत नाहीये,” म्हणाला. “डमी आहे. डेक्लन ठणठणीत आहे.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“गुरुवारपासून. टर्लोनं सगळ्यांकडून शब्द घेतला. घरच्यांनासुद्धा सांगायचं नाही.”

माझ्या तोंडाला आलं ते मी बोलले. सगळं इथे लिहीत नाही. “आत तो माणूस तुझ्यासाठी हॉस्पिसची खाट सोडून बसलाय,” मी म्हटलं. “दोन दिवस त्यानं दाढी करायचा सराव केलाय, हात थरथरतात म्हणून. आणि तू टर्लोला शब्द देतोस? टर्लो कोण लागतो तुझा?”

“ओरडू नको, ऐकतील. मी टर्लोला डॅडींचं सांगितलंय. तो म्हणाला, शेवटची दहा मिनिटं तुला आत सोडतो. देवाशपथ म्हणाला.”

“लिलाववाल्याची देवाशपथ!”

“तेवढीच आहे, डर्व्हला. जा, सांग त्यांना. मला नाही जमत.”

मी आत गेले. डॅडी आरशासमोर बसून टाय बांधत होते, दुसऱ्या दिवसाची तयारी म्हणून. गाठ जमत नव्हती. मी गाठ बांधून दिली आणि काही सांगितलं नाही. दहा मिनिटं तरी दिसेल ना, म्हटलं. मळायला दहा मिनिटं पुरतात.

रविवारी ऊन होतं आणि वारा कापत होता. गेटवरच्या माणसानं डॅडींकडे पाहिलं, टोपी काढली आणि आमची गाडी ॲम्ब्युलन्सच्या शेजारी, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ लावू दिली. समोर पूर्ण मैदान, उजवीकडे आमचा बाक. मी डॅडींच्या पायावर रग टाकला, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, कागद काढून हॅमचं सँडविच हातात दिलं. त्यांनी एक घास घेतला आणि बाकीचं हातात धरून बसले. ओळखीचे लोक काचेवर टकटक करून जात होते. “आज पोराचा दिवस, मॅलकी!” “तेरा नंबर, अं?” डॅडी प्रत्येकाला अंगठा दाखवत होते.

संघ पळत आला. फिन्टनच्या पाठीवर तेरा होता. डॅडींनी माझा हात धरला. मग भोंग्यातून आवाज आला, “छापील संघात तीन बदल. तेरा नंबर फिन्टन बर्न यांच्या जागी बावीस नंबर, डेक्लन टॅफ.” स्टँडमध्ये लोक हसले, जसे नेहमी हसतात. मग समोरच्या काउंटीचेही बदल वाचले. त्यांचे चार होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांना फसवलं आणि कोणीच फसलं नाही, माझ्या शेजारी काळा कोट घालून बसलेला एक माणूस सोडला तर.

फिन्टन बाकावर जाऊन बसला. डॅडींचा हात माझ्या हातातून सुटला.

“मूर्ख म्हातारा,” ते म्हणाले. “उभा जन्म त्या कागदावर विश्वास ठेवला नाही. याच एका वेळी ठेवला.”

“डॅडी, तो शेवटी येणार आहे. दहा मिनिटं. टर्लोनं सांगितलंय.”

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. “म्हणजे तुला माहीत होतं.”

“काल कळलं.”

“हं,” म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. “दहा मिनिटं तर दहा मिनिटं. टाकीत हवा किती आहे बघ.”

सामना सुरू झाला आणि सगळा हंगाम जे घडलं नव्हतं ते घडायला लागलं. आमची पोरं चांगली खेळायला लागली. डेक्लन टॅफनं पहिल्याच धडाक्यात दोन पॉइंट मारले, काय मारले! एरवी मी बॉनेटवर चढून नाचले असते. मध्यंतराला आम्ही तीननं पुढे. शेजाऱ्यांनी नंतर एक गोल, म्हणजे एकदम तीन पॉइंट, करून बरोबरी साधली, मग डेक्लननं पुन्हा एक टाकला. एका पॉइंटानं पुढे. लोक घसे फोडत होते. दोन वर्षांत लीगचा सामना जिंकलो नव्हतो.

आणि मी गाडीत बसून मनात हिशोब करत होते की जिंकत असताना टर्लो कोणालाही हलवणार नाही. सामना दहानं जिंकला असता तर त्यानं फिन्टनला सोडला असता, दहानं हरला असता तरी कदाचित सोडला असता. एका पॉइंटाच्या आघाडीवर नाही. माझी सगळी माणसं या काउंटीच्या मातीत पुरलेली आहेत, आणि मी देवाकडे मागत होते की आमच्यावर दोन गोल होऊ देत. हे मी कोणाला सांगितलं असतं तर मला गावात कोणी पाव विकला नसता.

शेवटचा टप्पा आला. फिन्टन उठला, रेषेच्या कडेनं पळत थेट आमच्यासमोर आला, वाकला, पाय ताणले. काचेतून डॅडींकडे बघितलं. डॅडींनी अंगठा दाखवला. तो परत गेला. मिनिटं जात होती. फिन्टन टर्लोपाशी जाऊन काहीतरी बोलला. टर्लोनं न बघताच हात झटकला. फिन्टन पुन्हा बोलला. मला ऐकू येत नव्हतं, पण माझ्या भावाला आयुष्यात कोणाची दाढी धरताना मी तेवढं एकदाच पाहिलं. शेवटी टर्लोनं खिशातून चिठ्ठी काढली, त्यावर नंबर खरडला आणि रेषेवरच्या पंचाच्या हातात दिली. फिन्टननं ट्रॅकसूट उतरवला. पाठीवर तेरा.

“येतोय,” मी म्हटलं. “डॅडी, येतोय!”

“खेळ थांबायला हवा,” डॅडी म्हणाले. “बॉल बाहेर जायला हवा. मगच.”

आणि बॉल बाहेर जाईना. आमच्या पोरांकडे बॉल होता आणि एका पॉइंटाची आघाडी होती, मग काय, त्यांनी तो जपायला घेतला. याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून मागे, मागून आडवा, हातानंच, आमच्या फुटबॉलमध्ये ते चालतं, पुढे कोणी जाईना. शेजारची पोरं मागे धावून धावून दमली. प्रत्येक पासला स्टँडमधून “हो!” असा गजर होत होता. “हो! हो! हो!” हंगामभर ज्यांना दोन पास धड देता आले नाहीत त्या पोरांनी तेव्हा एकही चूक केली नाही. मी स्टीअरिंगवर मूठ आपटत होते. “टाक रे बाहेर! टाक बाहेर, गाढवा!” शेजारी ॲम्ब्युलन्समधला माणूस काच खाली करून माझ्याकडे बघायला लागला.

फिन्टन पांढऱ्या रेषेवर उभा होता, एक पाय पुढे टाकून.

शिट्टी वाजली. सामना संपल्याची.

लोक कठड्यावरून उड्या मारून मैदानात घुसले. फिन्टन रेषेवर तसाच उभा राहिला. मग डेक्लन टॅफ धावत आला, त्यानं फिन्टनची मान पकडली आणि त्याला आत ओढलं, आणि फिन्टन त्यांच्याबरोबर पळायला लागला. करतो काय? तिथे एकट्यानं उभं राहणं जास्त वाईट दिसलं असतं. मैदानाच्या मधोमध तेरा नंबर पळत होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, “बघा डॅडी, आला आत! तेरा नंबर, दिसला का?”

“फुप्फुसं गेलीत गं माझी,” डॅडी म्हणाले. “कान जाग्यावर आहेत.”

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. ते काचेतून बघतच होते. “पळतो मात्र छान,” म्हणाले. “गुडघे उचलून. तुझी आई अशी पळायची गायींमागे.” मग त्यांनी नळी सारखी केली. “त्याला सांग, मला कळलं नाही. सांग, म्हाताऱ्याला वाटलं तू खेळलास.”

“खोटं सांगू?”

“अख्ख्या काउंटीनं आठवडाभर खोटं छापलं. तू एक वाक्य बोललीस तर काय होणार आहे? शब्द दे.”

मी दिला. तेवढ्यात फिन्टन गर्दीतून वाट काढत गाडीशी आला. चेहरा पांढराफटक. मी काच खाली केली. तो काहीतरी सांगायला तोंड उघडणार, त्याआधीच डॅडी म्हणाले, “दमलास का रे?”

फिन्टननं माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान हलवली.

“हो, डॅडी,” तो म्हणाला. “दमलो.”

“चांगला खेळलास,” डॅडी म्हणाले आणि डोळे मिटले.

सोमवारी त्यांना हॉस्पिसमध्ये नेलं. खाट मिळाली, कारण तिथे खाटा मोकळ्या होत राहतात. बुधवारी सकाळी फिन्टन आणि मी दोघंही जवळ असताना ते गेले. मग टाकीचा खटका कोणीतरी बंद केला आणि खोली इतकी शांत झाली की मला ते सहन होईना.

गुरुवारी त्यांना घरी आणलं, पुढच्या खोलीत शवपेटी ठेवली आणि दुपारपासून लोक यायला लागले. रांग अंगणापर्यंत. हात हातात घ्यायचा, “दुःखात सहभागी आहोत” म्हणायचं, डॅडींच्या कपाळाला हात लावायचा, मग स्वयंपाकघरात चहा आणि सँडविच. फिलोमिना किटलीचा ताबा घेऊन बसली होती. आणि जो येईल तो तेच बोलत होता. “पोराला खेळताना बघून गेला हो. एवढं तरी सुख.” मैदानात हजर असलेले, ज्यांनी भोंग्यावरचा बदल आपल्या कानांनी ऐकला होता, तेही हेच म्हणत होते. आमच्या गावच्या पेपरानं सामन्याच्या बातमीखाली छापील संघच पुन्हा छापला होता, तेरा, फिन्टन बर्न. मग काय, आता तो खेळलाच.

फिन्टन पेटीच्या डोक्याशी उभा राहून हात मिळवत होता. प्रत्येक “बघून गेला हो” बरोबर त्याचा जबडा आवळत होता.

संध्याकाळी टर्लो आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज लहान झालेला ऐकला. त्यानं कागदी पिशवीतून तेरा नंबरची जर्सी काढली. “संघाकडून,” म्हणाला. “मॅलकीबरोबर जाऊ दे. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय.” एकीनं क्रूसाची खूण केली.

“घेऊन जा ती,” फिन्टन म्हणाला.

“अरे फिन्टन…”

“घेऊन जा म्हटलं ना! हिला चिखल लागलाय का बघ कुठे. एक डाग नाही. मी ही त्यांच्या छातीवर ठेवू?”

मी टर्लोच्या हातातून जर्सी घेतली आणि फिन्टनला ढकलत मागच्या खोलीत नेलं. दार लावलं. त्यानं भिंतीला कपाळ टेकवलं.

“त्यांनी मला विचारलं, दमलास का,” तो म्हणाला. “आणि मी हो म्हटलं, डर्व्हला. मरणाऱ्या माणसाला मी फसवलं. ते फसून गेले. टर्लोनं शेजाऱ्यांना फसवायला मला डमी केलं, आणि मी कोणाला फसवलं बघ.”

डॅडींना मी शब्द दिला होता. हे ओझं त्याच्यावर पडेल असं डॅडींना वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, पोराचं दुःख हलकं होईल. मी शब्द पाळणारी बाई आहे. पण मेलेल्याला दिलेल्या शब्दासाठी जिवंत माणूस जाळायचा, एवढी काही मी देवभोळी नाही.

“ते फसले नव्हते,” मी म्हटलं.

तो वळला.

“शिट्टी ऐकली होती त्यांनी. मी खोटं बोलायला गेले तर मलाच गप्प केलं. म्हणाले, कान जाग्यावर आहेत माझे. मग माझ्याकडून शब्द घेतला की तुला सांगायचं, त्यांना कळलं नाही म्हणून.”

“आणि ‘दमलास का’?”

“ते तुझ्यासाठी होतं.”

“म्हणजे ते मला फसवत होते,” तो म्हणाला. “आणि मी त्यांना.”

“हो. दोघंही.”

तो पलंगाच्या कडेवर बसला आणि रडला, तोंडात बाही कोंबून, बाहेर लोक होते म्हणून. मी शेजारी बसले. मी पळण्याचं सांगितलं, गुडघे उचलून, मम्मीसारखं. ते ऐकून तो आणखीच रडला. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं. बाहेर फिलोमिना कोणाला तरी साखर विचारत होती.

त्यानं माझ्या मांडीवरची जर्सी उचलली. उलटीपालटी करून बघितली.

“हिला धुवायला नको,” म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. टर्लो अजून दाराशी टोपी चुरगळत उभा होता. फिन्टन त्याच्याकडे न बघता पेटीपाशी गेला, डॅडींचे हात उचलले, जर्सी आहे त्या घडीत त्यांच्या हातांखाली ठेवली, आणि तेरा आकडा वर येईल अशी सारखी केली.

“बघ, मॅलकीला पोराची जर्सी,” रांगेतली एक बाई हळूच म्हणाली. “खेळताना बघून गेला हो.”

“नाही,” फिन्टन म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मी खेळलो नाही. आणि त्यांना ते माहीत होतं.”